टाकी बंद नाही, झोपली आहे

प्रति,
मा. विभागप्रमुख,
पर्यावरण व सांडपाणी विभाग,
सासाकुबो नगर कार्यालय,
जिल्हा यामानाशी.

अर्जदार : श्रीमती कुराशिगे फुसाए, वय ८३, राहणार कुराशिगे वाइनरीच्या आवारातील जुने घर, सासाकुबो.

विषय : आमच्या वाइनरीच्या सांडपाण्याच्या टाकीपुढे आपल्या दप्तरी पडलेला 'बंद' हा शेरा काढून 'झोपलेली' असा शेरा घालावा, व तो घातला जाईपर्यंत टाकीचे झाकण कोणालाही उघडू देऊ नये, याबाबत.

संदर्भ : १. आपल्या विभागाची फेब्रुवारी महिन्यातील नोटीस, माझ्या मुलाच्या नावे.
२. आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर मी घातलेल्या फेऱ्या, ज्यांची पोच कोणी दिलेली नाही.

महोदय,

१. अर्ज लांबणार आहे. आपल्याला वेळ नसेल तर एवढा एकच परिच्छेद वाचावा. येत्या २४ मार्चला सकाळी माझा मुलगा कुराशिगे योशिहारु आमच्या टाकीत उतरणार आहे. ती बंद असल्याचे आपल्या कागदाने त्याला सांगितले आहे, आणि त्याचा कागदावर विश्वास आहे. टाकी बंद नाही. तिच्यात वायू आहे. उतरण्याआधी तो काय करणार आहे ते मी पुढे लिहिते. इथे सुरुवातीलाच लिहायला माझा हात धजत नाही.

२. सदर टाकी आमच्या द्राक्षे दाबण्याच्या खोलीमागे, काकीच्या फळझाडापलीकडे आहे. एक पुरुषभर जमिनीच्या वर, दोन पुरुष जमिनीखाली. शरद ऋतूत दाबयंत्रे, पिंपे आणि फरशी धुतल्याचे पाणी, वाइनच्या तळाचा गाळ, फुटक्या द्राक्षांचा रस असे सगळे तिच्यात जाते. आत हवा नाही. आत जी मंडळी राहतात त्यांना हवा सोसत नाही. ती मंडळी त्या घाण पाण्यातली साखर, दारू आणि आंबटपणा खातात, त्याचा वायू करतात, आणि तो वायू आमच्या बॉयलरखाली जळतो. उरलेले पाणी इतके निवळ निघते की माझ्या यजमानांनी एकदा आपल्या आधीच्या साहेबांसमोर त्यात हात धुतले होते.

टाकी नव्हती तेव्हाचे दिवस आपण पाहिले नसतील. मी लग्न होऊन या घरी आले त्या शरदात ओढा जांभळा झाला होता. मला वाटले, नव्या सुनेच्या स्वागताला काही रंग सोडला असेल. मग त्यावर फेस आला आणि दुसऱ्या सकाळी छोटे मासे पोट वर करून काठाला लागले. खालच्या वाडीतल्या बायका ओढ्यावर मुळे धुवायला येत. त्या मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "कुराशिगेंच्या घरी पिणारे मजेत आणि धुणारे गटारात." त्या टोमण्यापायीच यजमानांनी ही टाकी बांधली. तशी ओढ्याची दया त्यांना होतीच, पण टोमणा त्यांना जास्त लागला होता.

३. आतल्या मंडळींविषयी लिहिणे भाग आहे. नाहीतर 'बंद' या शब्दाने काय घडते ते आपल्या लक्षात येणार नाही. पहिले बियाणे डोंगरापलीकडच्या एका बिअरच्या कारखान्याच्या टाकीतून टँकरने आणले होते. काळा गाळ, आणि त्यात काळ्या तिळाएवढे गोल दाणे. त्या एकेका दाण्यात एक गाव वसलेले आहे, असे विद्यापीठातून येणाऱ्या प्राध्यापकांनी आम्हाला सांगितले. ते दर हंगामाला बाटलीत गाळ भरून न्यायचे आणि परत आले की आतल्या वस्तीची खबर सांगायचे. त्यांच्या सांगण्यातले मला कळले ते असे, की आत दोन तऱ्हेची माणसे राहतात. मी त्यांना माणसेच म्हणते, माफ करावे.

एक जमात घाईची. द्राक्षांचा रस आला रे आला की ती तुटून पडते, झटझट वाढते आणि सगळे आंबट करून टाकते. दुसरी जमात सावकाश. ती त्या आंबटातलेच थोडे थोडे खाते आणि वायू सोडते. तिची वाढ फार हळू, म्हणून घाईच्यांनी एकदम आंबट केले तर ती बिचारी मागे पडते आणि सगळी टाकी नासते. हंगामात घाईच्यांची वस्ती फुगते. हंगाम सरला, पाणी थांबले, की ती ओसरते आणि सावकाश मंडळी मात्र तग धरून राहतात. प्राध्यापक म्हणाले होते, "ही मंडळी उपाशी राहतात, पण मरत नाहीत. आक्रसून बसतात. वाट पाहतात."

हे ऐकल्यावर मी त्यांना म्हटले होते की ही मग माझ्या आईच्या हाताखाली वाढलेली दिसतात. युद्ध संपल्यानंतरच्या हिवाळ्यांत घरात रताळ्याच्या वेलाखेरीज काही नसे, तेव्हा आई आम्हा भावंडांना दुपारीच अंथरुणात घालायची. म्हणायची, "झोपा. झोपलेल्याला भूक लागत नाही." आम्ही झोपायचो. आणि वसंतात उठायचोसुद्धा.

४. टाकी 'झोपली' हा शब्द तिथून आला. पहिल्या हिवाळ्यात वायूच्या मापाचा काटा शून्यावर पडला आणि यजमान तोंड पाडून घरात आले. म्हणाले, "मेली वाटतं." मी बाहेर जाऊन टाकीच्या भिंतीला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग आतून एक बुडबुडा फुटला, पोटभर जेवलेल्या म्हाताऱ्याने ढेकर दाबावा तसा. मी येऊन सांगितले, "मेली नाही, झोपलीय." तेव्हापासून आमच्या घरी, शेजारी, कामाला येणाऱ्या माणसांत हाच शब्द चालतो. डिसेंबरात टाकी झोपते, सप्टेंबरात तिला थोडे थोडे भरवून उठवायचे. नव्या वर्षाला तिच्या झाकणावर गवताची दोरी बांधतात, तांदळाचे मोची-लाडू ठेवतात आणि जवळून जाताना मोठ्याने बोलत नाहीत. सदर शब्द मी दिलेला असल्याने त्याची दुरुस्ती मागण्याचा अधिकार माझ्याकडे येतो, असे माझे नम्र म्हणणे आहे.

५. जानेवारीत आपले तपासनीस आले. सभ्य गृहस्थ होते, पायातले बर्फ झटकून आत आले. त्यांनी माझ्या मुलाला विचारले, "टाकी चालू आहे का?" मुलाने आमच्या घरी बोलतात तसे उत्तर दिले, "नाही, झोपलीय." त्यांनी मान डोलावली आणि हातातल्या यंत्रात 'बंद' लिहिले. दोघांपैकी कोणी खोटे बोलले नाही, हे मी मुद्दाम नमूद करते. मुलगा बरीच वर्षे तोक्योत बँकेत होता, वडील गेल्यावर तीन वर्षांपूर्वी परतला. त्याने शब्द उचलला, पण त्याच्या पोटात काय आहे ते त्याला सांगायला वडील उरले नव्हते.

महिन्याने आपली नोटीस आली. वापरात नसलेल्या टाकीतला गाळ पूर्ण काढावा, आतून जंतुनाशकाने धुवावे, आणि स्वच्छ झालेल्या आतील भागाचा फोटो वर्षअखेरीच्या, म्हणजे ३१ मार्चच्या आत सादर करावा. त्याच नोटिशीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापले आहे की वापरात असलेल्या टाकीत वायुमापक यंत्र आणि प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय कोणीही उतरू नये. म्हणजे एका शब्दाने कागदाची बाजू पालटते. मागची बाजू मी मुलाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "आई, ती 'चालू' टाक्यांसाठी आहे. आपली बंद आहे. कार्यालयानेच लिहून दिलंय, आता तुझं ऐकू की त्यांचं?"

मी म्हटले, "माझं ऐक." तो हसला आणि माझ्या खांद्यावर शाल नीट केली. डोके फिरलेल्या म्हातारीची शाल नीट करावी, तशी.

६. त्यानंतर मी आपल्या खिडकीवर आले. आपल्याकडील शिनोहारा-सान यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. त्या म्हणाल्या, "आजी, संगणकात दोनच चौकटी आहेत. चालू आणि बंद. तिसरी नाही."

मी विचारले, "मग मी कुठल्या चौकटीत बसते, पोरी? मीही हिवाळाभर ऊबेच्या मेजाखाली पाय घालून पडलेली असते."

त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. मग म्हणाल्या की टाकी पुन्हा चालू झाल्याची सूचना द्यावी, म्हणजे 'बंद' आपोआप जाईल. त्या सूचनेला गेल्या महिन्यात टाकीत किती पाणी गेले त्याचा तक्ता जोडावा लागतो. हिवाळ्यात पाणी जात नाही. शिनोहारा-सान यांनी सुचवले, थोडे पाणी सोडून बघा. साखरेचे पाणी चालेल का, असेही त्यांनी आत जाऊन विचारून आणले. चालेल म्हणाले. पण महोदय, उपाशी झोपलेल्याला एकदम गोड भरवले की काय होते ते मी वर लिहिले आहे. घाईची मंडळी उठतील, सगळे आंबट करतील आणि सावकाश मंडळी मरतील. म्हणजे टाकी जिवंत असल्याचे आपल्याला पटवायचे तर मी तिला मारले पाहिजे.

मग मी दुसरा मार्ग विचारला. टाकीच्या मालकाने विनंती केल्यास काम पुढे ढकलता येते. मालक माझा मुलगा. तो विनंती करणार नाही, कारण कार्यालयाची मुदत चुकवणे त्याला लाजिरवाणे वाटते. मी विचारले, मालक सोडून आणखी कोणाला बोलता येते? शिनोहारा-सान यांनी पुस्तक चाळले. शेजाऱ्याला येते. टाकीजवळ राहणाऱ्याने उपद्रवाची तक्रार केली तर चौकशी होईपर्यंत झाकण उघडता येत नाही.

सबब हा अर्ज मी टाकीची शेजारीण म्हणून करीत आहे. माझी खोली टाकीच्या सर्वांत जवळ आहे, मध्ये फक्त काकीचे झाड. माझी माझ्या स्वतःच्या घराविरुद्ध तक्रार आहे की टाकीचा वास येतो. यात खोटे काही नाही. वास खरोखर येतो. गेल्या आठवड्यात ऊन पडले त्या दुपारी अंडे नासल्यासारखा वास माझ्या खिडकीतून आत आला, आणि मी इतकी घाबरलेली असूनही मला बरे वाटले, कारण वास येतो म्हणजे ती जिवंत आहे. पण तक्रारीत हे लिहू नये असे कोणी म्हणाल्यास ते वाक्य खोडावे.

यजमान म्हणत, "हा वास येतो तोवर भिऊ नको. एकाएकी यायचा थांबला तर पळ. वास गेलेला नसतो, नाक गेलेलं असतं." योशिहारु टाकीत उतरेल, फावडे गाळात घालील, गाळाखाली दाबून बसलेला वायू बाहेर येईल. त्याला क्षणभर वास येईल. मग यायचा थांबेल, आणि तो म्हणेल, चला, गेला वास. डोंगरापलीकडच्या एका गावात अशाच टाकीत बादली पडली होती. ती काढायला एक जण उतरला. त्याला काढायला दुसरा. बादली अजून तिथेच असेल.

७. आता जे लिहायचे टाळत आले ते लिहिते.

आमच्या वाइनवाल्यांत फार जुनी रीत आहे. वाइन आंबवायच्या खोल पिंपात उतरण्याआधी दिवा सोडायचा. आंबणाऱ्या वाइनचा जड वायू पिंपाच्या तळाशी साचतो, दिसत नाही, त्याला वास नाही, आणि त्यात माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. म्हणून माशाच्या रिकाम्या डब्याला तीन तारा बांधून त्यात मेणबत्ती लावायची आणि डबा हळूहळू खाली सोडायचा. विझली तर उतरायचे नाही. जळत राहिली तर उतरायचे. आमच्या घरातला डबा माझ्या सासऱ्यांनी केलेला आहे, दाबण्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो, आणि तारा इतक्या वर्षांत दोनदा बदलल्या. माझे यजमान तरुण असताना ज्योत छातीएवढ्या खोलीवर विझली. ते शिडीवर एक पाय ठेवून होते. तो पाय त्यांनी मागे घेतला, म्हणून योशिहारु जन्माला आला. लहानपणी ही गोष्ट सांगितल्याशिवाय तो जेवत नसे.

तोच डबा तो टाकीत सोडणार आहे.

पिंपातला वायू ज्योत विझवतो. टाकीतला वायू ज्योतीने पेटतो. तो पेटतो म्हणूनच तर आमच्या बॉयलरखाली जळतो. पहिल्यांदा बॉयलर लावला तेव्हा एक निळा धप्पकारा झाला आणि यजमानांच्या भुवया गेल्या. तो तर एवढ्याशा नळीतला वायू होता. त्यानंतर त्यांनी टाकीजवळ विडी ओढणे सोडले, शेवटी विडीच सोडली. पण हे त्यांनी मुलाला समजावून सांगितले नाही, कारण तोक्योच्या बँकेत त्याचा काय उपयोग. दिव्याची गोष्ट मात्र सांगितली, कारण ती गोष्ट म्हणून चांगली होती.

दोरी धरायला आमचा शेजारी गेन्पेई येणार आहे. तो गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलात आहे, त्यामुळे आगीविषयी त्याला सगळे कळते असे त्याला वाटते. ओसरीवर बसून दोघे ठरवत होते. गेन्पेई मला म्हणाला, "काकू, घाबरता काय? दिवा सोडू. विझला तर घरी, जळला तर खाली. तुमच्याच घरची रीत!"

मी म्हटले, "अरे, जळला तर खाली नाही जाणार तुम्ही. वर जाल."

दोघेही खदाखदा हसले. गेन्पेईने तर ते वाक्य दलाच्या बैठकीत जाऊन सांगितले, असे ऐकते. मी आता गावात निघाले की लोक विचारतात, "आजी, वर की खाली?" मीही हसते. घरी आले की चहाच्या पेल्याचा बशीवर आवाज होतो. सून विचारते, थंडी वाजतेय का? मी हो म्हणते.

मी मुलाला सरळ सांगितले नाही असे नाही. तीनदा सांगितले. पहिल्यांदा तो म्हणाला, काटा शून्यावर आहे, वायू कुठून येणार. दुसऱ्यांदा म्हणाला, बाबा दिव्याशिवाय कधी उतरले नाहीत. तिसऱ्यांदा सांगितले त्या संध्याकाळी मी ऐकले की तो कोफू शहरातल्या स्मृतीच्या डॉक्टरांकडे माझ्यासाठी वेळ मागत होता. वेळ एप्रिलची मिळाली आहे. मी जाईन. त्याने मला नेले तर.

८. तरी आपणांस कळकळीची विनंती की,

(अ) 'बंद' हा शेरा काढावा. 'झोपलेली' संगणकात बसत नसल्यास 'चालू' लिहावे. ती फार हळू चालते, एवढेच.

(आ) टाकी बांधणाऱ्या लोकांना त्यांचे मापयंत्र आणि पंखा घेऊन बोलवावे, आणि त्यांनी सांगेपर्यंत कोणी झाकणाला हात लावू नये.

(इ) हे दोन्ही जमत नसेल तर आपण स्वतः एकदा यावे. दुपारी यावे, ऊन असताना. टाकीच्या बाहेर वायूच्या नळीचे तोंड बुडवलेली पाण्याची कुंडी आहे. तिच्यासमोर बसावे. मी शेजारी बसेन, चहा आणि काकीची वाळवलेली फळे देईन. वाट पाहावी लागेल, गप्पा मारता येणार नाहीत. मग पाण्यातून एक बुडबुडा येईल. तो बुडबुडा कोणत्या चौकटीत घालायचा ते आपण ठरवावे. आपण ठरवाल ते मला मान्य असेल. पण मेणबत्ती घेऊन येऊ नये.

९. शेवटची बाब सोबतच्या कागदपत्रांविषयी. घरातल्या सर्व मेणबत्त्या मी गोळा करून या अर्जासोबत पाठवीत आहे. यजमानांच्या तसबिरीपुढच्या देव्हाऱ्यातल्याही आहेत. पुढच्या आठवड्यात पितरांचे दिवस सुरू होतात आणि त्यांच्यापुढे ज्योत नसेल, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा होत आहे. मी त्यांना कारण सांगितले आहे. ज्या कामासाठी त्यांनी विडी सोडली, त्या कामासाठी एक वर्ष मेणबत्तीही सोडतील.

दुकानात मेणबत्त्या विकत मिळतात हे मला कळते, माझी स्मृती इतकी गेलेली नाही. म्हणून सासऱ्यांचा डबाही सोबत दिला आहे. तसा डबा दुसरा नाही, आणि योशिहारु आजोबांच्या डब्याशिवाय दिवा सोडणार नाही, तेवढा मी त्याला ओळखते. तो डबा शोधील. मी सांगेन, नगर कार्यालयात आहे. मग तो आपल्या खिडकीवर येईल, चपला नीट जुळवून ठेवील, वाकून नमस्कार करील आणि डबा परत मागेल. तो परत देण्याआधी कृपा करून त्याला खुर्ची द्यावी, चहा द्यावा, आणि हा अर्ज पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवावा. शिनोहारा-सान यांचा आवाज स्वच्छ आहे. अर्जावर कार्यालयाचा शिक्का अवश्य उमटवावा. माझे तो ऐकत नाही. शिक्क्याचे ऐकतो.

भिंतीला कान लावून उत्तराची वाट पाहणारी,
आपल्या नगराची नम्र रहिवासी व टाकीची शेजारीण,

(सही व घरचा शिक्का)
कुराशिगे फुसाए

सासाकुबो,
रेइवा सातवे वर्ष (सन २०२५), ११ मार्च.

सोबत :
१. नोटिशीची प्रत. मागची बाजू वर करून जोडली आहे, कृपया तीच आधी वाचावी.
२. घरातील सर्व मेणबत्त्या, एका पुडीत. अर्धवट जळलेली देव्हाऱ्यातली आहे. ती तरी पितरांचे दिवस सरण्याआधी परत मिळावी, ही इच्छा आहे, आग्रह नाही.
३. तीन तारांचा माशाचा डबा, एक. वरील परिच्छेद ९ वाचून झाल्याशिवाय कोणाच्याही हाती देऊ नये, माझ्याही.